एक्सएमपी ऑन करा दादा, आणि ६,९०० रुपये विसरा

६,९०० रुपये. कॉम्प्युटरच्या जुन्या रॅमचे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांचे. त्यातले १,००० बयाणा म्हणून आणि ५,९०० जागेवर, दोन्ही यूपीआयने. वर ३५० रुपये टेक्निशियनला, कारण मदरबोर्डातच खोट असेल असं विकणाऱ्याने माझ्या डोक्यात भरवलं होतं. एकूण ७,२५०. रक्कम ऐकून हसणारे बरेच भेटले, पोलीस ठाण्यात तर जास्तच. हसा खुशाल. पण नाशिकमध्ये कुणी जुनी रॅम शोधत असेल तर आधी हे वाचा.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, सिडकोत, घरूनच. मशीनचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, मदरबोर्ड बी४५०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. असं मशीन ज्याच्याकडे आहे त्याला माहीत असतं की इथे रॅमचा वेग म्हणजे चैन नव्हे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. माझ्याकडे आठ जीबीची एकच स्टिक म्हणजे पट्टी होती, २६६६च्या वेगाची, सिंगल चॅनल, म्हणजे डेटाला एकच वाट. आठ-आठच्या दोन घ्यायच्या, ३२०० सीएल १६ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर किती ठोके थांबायचं, जितके कमी तितकं बरं), आणि जमलं तर हळूहळू ३६००पर्यंत ताणायच्या, म्हणजे ओव्हरक्लॉक करायच्या, असा बेत होता.

नवीनच घेणार होतो. पण २०२५ संपता संपता भावांनी डोकं वर काढलं ते काढलंच. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवण्यात सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन तिघेही गुंतले. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रुशियल’ हा तुमच्या-आमच्यासाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथले दुकानदार सकाळी एक भाव सांगायचे, संध्याकाळी दुसरा. लग्नसराई तोंडावर. अशा वेळी माणूस जुन्या रॅमच्या जाहिराती बघणार नाही तर काय करणार?

जाहिरात साधी होती: गेमिंग पीसी विकला, दोन स्टिकचं किट उरलं, बॉक्स नाही, ७,४००. फोटोत लाल हीट स्प्रेडरच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या कव्हरच्या, दोन स्टिक, निळ्या माऊसपॅडवर. फोनवर मुलगा अतिशय नम्र. “दादा, आधी बघा, चालवा, मग पैसे द्या.” बयाणा मात्र आधी, “दुसरा गिऱ्हाईक थांबलाय” म्हणून. ही चाल सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होती. पण हजार रुपयांसाठी किट हातचं घालवायचं नव्हतं.

आणि मी आंधळेपणाने घेतलेली नाही, हे नीट लक्षात घ्या. शालिमारजवळच्या एका गाळ्यात त्याने उघड्या बोर्डावर रॅम चालवून दाखवली. विंडोज सुरू झालं, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसलं. मी सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला लावलं. मेमरीच्या टॅबवर १६००, म्हणजे बरोबर. या डीडीआर जातीच्या रॅममध्ये खरा क्लॉक निम्माच दाखवतात. कंपनीचं नाव बरोबर, पार्ट नंबर बरोबर. मेमरीच्याच टॅबवर खाली सीएएस लेटन्सी, म्हणजेच सीएल: २२.

स्टिकरवर टायमिंग १६-१८-१८-३८ छापलेलं, पहिला आकडा सीएलचा. स्क्रीनवर २२.

मी विचारलं! “बावीस का दिसतंय?” तो म्हणाला, “दादा, ते ऑटोवर आहे. घरी जाऊन एक्सएमपी ऑन करा, सोळा येईल.” आणि त्याने खिडकी बंद केली. अरे, एक्सएमपी म्हणजे कंपनीने रॅममध्येच भरून दिलेलं वेगाचं प्रोफाइल. ते लावलेलंच नाही तर ३२०० आले कुठून? एक्सएमपी बंद असताना असलं किट २१३३ किंवा २४००ला चालायला हवं. म्हणजे त्याने हाताने, व्होल्टेज वाढवून, टायमिंग ढिलं करून ते तिथवर ढकललं होतं. हे वाक्य आता मला झोपेतही म्हणता येतं. तेव्हा गाळ्यात अंधार, मागे दुसरा मुलगा “भाऊ, शटर खाली घ्यायचंय” म्हणून उभा, आणि उत्तर अर्धं खरं. खऱ्या रॅमलाही बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करावं लागतंच, काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. पूर्ण खोटं असतं तर मी तिथेच धरलं असतं.

१६ आणि २२ने काय बिघडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ३२००ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल २२ म्हणजे पावणेचौदा. साध्या, एक्सएमपी नसलेल्या ३२००च्या स्टिक २२वर आणि १.२ व्होल्टवर चालतात, त्या वाईट नसतात. पण मग त्या तशा म्हणून आणि त्या भावात विका.

घरी लावली तर २४००. बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच येईना. फोन केला. “बायोस अपडेट करा दादा.” केलं. “स्लॉट बदला.” प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच होत्या. “मग बोर्ड वीक आहे तुमचा.” हाताने ३२०० आणि १.३५ व्होल्ट दिले तर स्क्रीन काळी, सीमॉस क्लिअर करत, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसत, बसा. त्यातून ते ३५० रुपये गेले. बोर्ड ठणठणीत निघाला. तोवर त्याचा फोन बंद.

मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. २४००लाच, कसलंही ओव्हरक्लॉकिंग नसताना, एका स्टिकवर चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. एका हळदीच्या शूटिंगच्या फायली कॉपी करताना का खराब झाल्या ते तेव्हा कळलं. कार्डावर मूळ शिल्लक होतं म्हणून वाचलो. रॅम चुकीचा आकडा लिहिते तेव्हा मशीन बंद पडेलच असं नाही. ते चुकीचंच सेव्ह करून मोकळं होतं.

हीट स्प्रेडर हेअर ड्रायरने गरम करून सोडवला. खाली चिपवरची अक्षरं घासलेली. दोन्ही स्टिकरवर सिरियल नंबर एकच, तो कंपनीच्या नोंदीतच नाही. पार्ट नंबर दिसत होता, कारण रॅमवर एसपीडी नावाची बारकी चिप असते आणि तिच्यातली माहिती सॉफ्टवेअरने पुन्हा लिहिता येते. म्हणून नावावर जाऊ नका. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉट वेगळा निवडून शेवटचा रकाना बघा. एक्सएमपी-३२०० असा रकाना नसेल तर उठून चालू पडा.

आता ठाण्याची कथा. पहिला प्रश्न: “रॅम म्हणजे मोबाइलची का?” दुसरा: “बिल?” जुन्या वस्तूचं बिल कुठून आणू? तिसऱ्याला तर मी हात जोडले: “पैसे तुम्हीच पाठवले ना? वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली?” म्हणजे सोनं म्हणून पितळ दिलं तरी वस्तू मिळालीच की! यूपीआय आहे म्हणून सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणे, समोरासमोर व्यवहार झालाय, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर गाळा त्यांच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेलो तर तुम्ही राहता सिडकोत. बँकेचा मेसेज आला, व्यवहार यशस्वी आहे. धन्यवाद! ग्राहक तक्रारीच्या फोनवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर मागितला. गाळेवाला म्हणतो, तो मुलगा नुसता येऊन बसायचा, आपला माणूस नाही. आणि कळस म्हणजे, “कव्हर तुम्हीच काढलं, आता पुरावा काय राहिला?” मी काढलं नसतं तर चिप घासलेल्या आहेत हे यांना कोण सांगणार होतं?

१ जुलै २०२४पासून चारशेवीसच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यायची. हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं. “तुम्ही वकील आहात का?” शेवटी अर्ज घेतला, त्यावर ‘संगणकाचा पार्ट खराब निघाल्याबाबत’ असा विषय त्यांच्याच हाताने टाकला. खराब निघाल्याबाबत! नोंद घेत नसतील तर त्याच कलमात वरिष्ठांना लेखी, पोस्टाने कळवायची सोय आहे. मी स्पीड पोस्टाने पाठवलंय, पावती ठेवलीय. तुम्ही माझ्यासारखं हेलपाटे घालत बसू नका, पहिल्या नकारालाच पाठवा.

कव्हर काढायचंच असेल तर आधी व्हिडिओ चालू करा. बघायला जाताना मेमटेस्ट टाकलेला पेनड्राइव्ह स्वतःचा न्या, एक फेरी पूर्ण होईस्तोवर हलू नका. शटर खाली घ्यायचं असेल तर घेऊ द्या. यूपीआयच्या नोटमध्ये ‘३२०० सीएल १६ रॅम’ असं लिहूनच पैसे पाठवा. इंटेलचा साधा एच५१० बोर्ड असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या रॅमला हातच लावू नका, तो बोर्ड ती ताणू देत नाही.

ती जाहिरात परत लागलीय. नंबर वेगळा, भाव ७,९००. लाल हीट स्प्रेडर, निळा माऊसपॅड, डाव्या स्टिकच्या कोपऱ्याला ओरखडा.