घोडा डांबरी रस्त्यावर काढायचा, तर पायांना कोणते बूट घ्यावेत?

मराठवाड्यात आता घोड्यावर बसायचं म्हणजे थोडं तरी डांबर तुडवावंच लागतं. बांधाची वाट संपली की गाडीवाट, पुढे डांबरी रस्ता, आणि गावात शिरलं की सिमेंट. काळ्या मातीत घोडा ठेचकाळला तर त्याचे गुडघे मळतात. डांबरावर तसाच पडला तर गुडघे फुटतात. बूट निवडताना हा फरक डोक्यात ठेवा. दुकानात आणि ऑनलाइन दिसणारे बरेचसे बूट मऊ मैदानावर पळणाऱ्या, अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांसाठी बनवलेले असतात. दिसायला ते रुबाबदार असतात, पण रस्त्यावरचा धोका वेगळा आहे.

माझं मत आधीच सांगतो. पैसे मोजकेच असतील तर पहिल्यांदा गुडघ्याचे बूट घ्या, मग बेल बूट (खुराभोवतीचे). ब्रशिंग बूट (पायाला पाय आतून घासू नये म्हणून घालायचे) घोडा पाहून ठरवा. टेंडन बूट (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी जाड शीर) आणि कापडी पट्ट्या रस्त्यासाठी घेऊ नका.

गुडघ्याला पहिला मान का, ते त्याच्या रचनेत आहे. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर माणसाच्या मनगटाशी जुळणारा सांधा. त्यात लहान लहान हाडं रचलेली असतात आणि समोरून त्यावर मांस जवळजवळ नसतंच. कातडी, शिरा आणि लगेच सांधा. घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यात तुमचं वजन. एवढा भार घेऊन तो गुडघ्यांवर डांबराला घासला की जखम सांध्यापर्यंत जाऊ शकते. आत घाण आणि जंतू शिरले तर सांधा कायमचा अधू होतो, कधी घोडाच हातचा जातो. गुडघ्यावरची खोल जखम घरी हळद लावून बघत बसण्याची नाही. तातडीने डॉक्टर बोलवा किंवा परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल ते गाठा.

गुडघ्याच्या बुटांत दोन प्रकार मिळतात. एक सगळा गुडघा कापडाने वेढणारा; तो घोडा टेम्पोत चढवून नेताना वापरायचा. दुसरा सुटसुटीत, ‘स्केलेटन’ नावाने विकला जाणारा: समोर चामड्याची किंवा कडक प्लास्टिकची वाटी, आत नमदा किंवा निओप्रिन (फोमसारखं मऊ कृत्रिम रबर), वर एक रुंद पट्टा आणि खाली एक बारीक. बसून फिरायला हाच घ्या. वरचा पट्टा गुडघ्याच्या वर घट्ट बसतो, एक बोट जेमतेम जाईल इतका. खालचा मात्र सैलच हवा. तो फक्त वाटी फडफडू नये म्हणून असतो. खालचा पट्टा आवळला की गुडघा पूर्ण दुमडत नाही आणि ज्या ठेचेपासून वाचवायचं तीच ठेच बुटामुळे लागते. बांधल्यावर घोड्याचा पाय हाताने उचलून पूर्ण दुमडून बघा. पट्टा ताणला जात असेल तर आणखी सोडा. पहिले काही दिवस तबेल्याच्या आवारातच बांधून चालवा. सुरुवातीला घोडा पाय उंच उचलून विचित्र चालतो, मग विसरतो. ज्यांच्या वाटेत मांजरसुंबा किंवा कन्नडसारखा घाट आहे, त्यांनी तर गुडघे उघडे ठेवून उतारावर जाऊच नये. उतरताना पुढच्या पायांवरचा भार आणखी वाढतो.

चामडं की निओप्रिन? कानपूरच्या सॅडलरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिथलं चांगलं चामडी काम नीट तेल-पाणी केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. बक्कल आपोआप सुटत नाही, वाटी मार नीट झेलते. पण पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, आणि रोज पुसायला मोतद्दार किंवा स्वतःचा वेळ लागतो. निओप्रिन धुतलं की झालं. त्याची अडचण वेल्क्रोची: त्यात गवताची कुसळं, गोखरू आणि वाळलेली काळी माती बसते, आणि मग पकड जाते. दर आठवड्याला जुन्या दातांच्या ब्रशने वेल्क्रो साफ करणार असाल तरच निओप्रिन घ्या. आतून लोकरीसारखं अस्तर असलेले बूट आपल्या रानात नकोतच. एक कुसळ आत राहिलं तरी दोन-चार किलोमीटरमध्ये कातडी सोलते.

बेल बूट म्हणजे खुराभोवतीची घंटेच्या आकाराची रबरी झालर, पुढच्या पायांसाठी. दुडकीत मागचा खूर पुढच्या टाचेवर येऊन आदळतो, तेव्हा टाचेचा मऊ भाग चिरतो किंवा पुढचा नालच उपटून येतो. घरापासून दूर रस्त्यावर नाल उपटला तर घोडा चालवत आणणं किती त्रासाचं, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं. यात ओढून चढवायचे आणि वेल्क्रोचे असे दोन प्रकार आहेत. ओढून चढवायचे चढवताना दमवतात (गरम पाण्यात थोडा वेळ ठेवले की मऊ पडतात), पण एकदा बसले की सुटत नाहीत. रोज काढ-घाल असेल तर वेल्क्रोचे बरे. मागे टाचेचा फुगवटा झाकला गेला पाहिजे, पण झालर जमिनीवर लोळता कामा नये. मागचा पाय तिच्यावर पडला तर घोडा स्वतःलाच पाडतो.

ब्रशिंग बूट नळीभोवती (नळी म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड) आणि घोट्यापर्यंत येतात, आतल्या बाजूला जाड गादी असते. एक पाय दुसऱ्याला आतून घासत असेल तर ते हवेत, नाहीतर नको. ओळखायला सोपी युक्ती आहे: खुरांच्या आतल्या कडेला ओला गेरू किंवा चुना लावा, घोडा सरळ चालवा, दुडकीत पळवा, आणि दुसऱ्या बाजूच्या पायावर कुठे डाग पडलाय ते बघा. घोट्यावर आतून केस झिजलेले असतील तर डागाचीही गरज नाही. कोवळा घोडा, अरुंद छातीचा घोडा, थकलेला घोडा जास्त घासतो. नाल बदलल्यावर अचानक घासू लागला, तर बूट घेण्याआधी नालबंदाशी बोला. फक्त मागचे घोटे घासत असतील तर फक्त घोटा झाकणारे आखूड फेटलॉक बूट पुरतात, गरमही कमी होतात. रेवाल चालीच्या घोड्यांचं थोडं निराळं असतं: एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडत असल्याने मागचा खूर कधी कधी तिरका जाऊन दुसऱ्या बाजूच्या पुढच्या पायाला आतून लागतो. त्यांना पुढे ब्रशिंग आणि बेल दोन्ही लागू शकतात. बांधताना पट्टे बाहेरच्या बाजूला आणि टोकं मागे वळलेली असावीत.

टेंडन बूट समोरून उघडे असतात. उडी मारताना घोड्याला बांबू लागलेला कळावा आणि मागून शिरा वाचाव्यात, यासाठी ते बनले. रस्त्यावर मार समोरून आणि आतून येतो, म्हणून ते निरुपयोगी. ‘सपोर्ट’ म्हणून विकले जाणारे जाड, महाग बूटही रस्त्याचे धक्के शोषतात असं समजू नका. धक्का जमिनीतून खुरात आणि खुरातून हाडात जातो. नळीभोवतीचं कापड त्याच्या आड येत नाही. उलट उष्णता अडकते. चौखूर पळणाऱ्या घोड्याच्या टेंडनच्या गाभ्यात ४५ अंशांपर्यंत तापमान मोजलं गेलंय. रस्त्यावर आपण इतकं पळवत नाही, पळवूही नये, पण एप्रिल-मे महिन्यात हवाच ४० च्या वर असते. म्हणून छिद्रांचे, पातळ बूट घ्या, उजाडताच फिरून या, आणि परत आल्याबरोबर बूट काढून पायांवर पाणी घाला. कापडी पट्ट्या भिजल्या की जड होऊन सरकतात, आणि वेड्यावाकड्या आवळल्या तर शिरेलाच इजा होते.

माप फसवं असतं. मारवाडी, काठियावाडी रक्ताच्या घोड्यांची नळी बारीक असते. परदेशी ‘फुल’ (मोठ्या घोड्याच्या) मापाचा बूट त्यांच्या पायात गोल फिरतो. गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंतची लांबी आणि नळीचा घेर टेपने मोजूनच मागवा. बहुतेकांना ‘कॉब’ हे मधलं माप बसतं, तट्टाला ‘पोनी’ हे लहान.

आणि घसरणं कोणताही बूट थांबवत नाही. गुळगुळीत झालेल्या डांबरावर, पहिल्या पावसात तेल वर आलेलं असताना, झिजलेला लोखंडी नाल सरकतोच. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. रस्त्यावरच जास्त काम असेल तर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे खिळे मिळतात, ते त्याच्याकडून बसवून घ्या. बिननाल घोड्यासाठी खुरावर चढवायचे रबरी तळाचे हूफ बूट हा चांगला पर्याय आहे. पकड उत्तम, पण चिकट काळ्या मातीत ते फिरतात आणि निघून येतात. पावसाळ्यात शेत-रस्ता दोन्ही करणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

उसाच्या हंगामात संध्याकाळी फिरणार असाल, तर या सगळ्यापेक्षा स्वस्त असलेल्या चमकत्या पट्ट्या चारही पायांना गुंडाळा. पाय हलत असल्याने मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्या खोगिराखालच्या चमकत्या कापडाआधी दिसतात. पट्टी बुटाच्या वरून लावा, कातडीवर नको.