डीआर ड्रिल रेकॉर्ड करायला अ‍ॅस्कीनेमा: दोन ड्रिलनंतरचा रिव्ह्यू

आम्ही नागपुरात गायत्री नगरच्या आयटी पार्कातून एका एनबीएफसीचे, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचे, सर्व्हर सांभाळतो. आरबीआयचं २०२३ चं आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, त्यात क्रिटिकल सिस्टीमची डीआर (डिझास्टर रिकव्हरी) ड्रिल, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला असं धरून राखीव सर्व्हरवर काम हलवायचा सराव, सहा महिन्यातून एकदा तरी करायचीच आहे, आणि ऑडिटर आला की पुरावा मागतोच ना. आधी आम्ही स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवायचो. मग एकदा स्क्रीन रेकॉर्डर लावला तर पहाटे लॅपटॉपची बॅटरी गेली आणि एमपी४ फाइल उघडेचना, चार तासांची मेहनत पाण्यात.

म्हणून अ‍ॅस्कीनेमा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) जे दिसतं ते वेळेसकट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे व्हिडिओपेक्षा फाइल एकदम छोटी आणि त्यात ग्रेपसुद्धा मारता येतं, म्हणजे हवा तो शब्द शोधता येतो. नवीन पोरांना शिकवायला तर फारच कामाचं, स्पेस दाबून थांबवा, डॉट दाबून एकेक फ्रेम पुढे जा, कमांड तिथूनच कॉपी करा. स्टँडबायवर, म्हणजे राखीव सर्व्हरवर, पोस्टग्रेस डेटाबेस प्रमोट केल्यावर (त्याला मुख्य केल्यावर) ‘अजून राखीवच आहेस का’ विचारणाऱ्या पीजी-इज-इन-रिकव्हरीचं उत्तर ‘टी’ (हो) वरून ‘एफ’ (नाही) झालेलं नेमकं कोणत्या सेकंदाला ते दिसतं, आरटीओ, म्हणजे सिस्टीम परत उभी राहायला लागणारा वेळ, मोजायला अजून काय पाहिजे!

पण खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यातल्या ड्रिलचं रेकॉर्डिंग पाहताना आयडल टाइम लिमिट (काहीच न घडलेला वेळ जास्तीत जास्त किती दाखवायचा ते) दोन सेकंद ठेवलं तर सगळं कसं झकास, फटाफट झालेलं दिसलं, आणि लिमिट काढून पाहिलं तर मध्ये अकरा मिनिटं नुसता कर्सर लुकलुकतोय. डेटाबेस केव्हाच वर आला होता, डीएनएस बदलायच्या, म्हणजे सिस्टीमचं नाव नव्या सर्व्हरकडे वळवायच्या, अप्रूव्हलसाठी आम्ही फोन लावत बसलो होतो. म्हणून सांगतो, ऑडिटरला दाखवताना ती रिकामी जागा कापू नका, लिमिट न लावता पूर्ण चालवा.

काही गोष्टी सांभाळा. पासवर्ड प्रॉम्प्टवर टाकलेला दिसत नाही, पण कमांडमध्येच लिहिला किंवा कॉन्फिग (सेटिंगची) फाइल कॅट करून स्क्रीनवर दाखवली तर तो फाइलमध्ये गेलाच समजा. जुन्या व्हर्जनमध्ये फाइलचं नाव न देता सुरू केलं तर शेवटी एंटर दाबल्यावर रेकॉर्डिंग सरळ त्यांच्या साइटवर अपलोड होतं, त्यामुळे नाव आधीच द्या. सर्व्हरची घड्याळं एनटीपीला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या व्यवस्थेला) जुळवलेली हवीत, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळ देणाऱ्या सर्व्हरला जोडायला सांगितलंच आहे. ड्रिल संपल्या संपल्या फाइलचा शा-२५६ (फाइल नंतर बदलली तर कळेल असा तिचा डिजिटल ठसा) काढून मेल करून ठेवा.

ब्राउझरमधलं काहीच यात येत नाही, ही मोठी कमी. लोड बॅलन्सरच्या (ट्रॅफिक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या सिस्टीमच्या) कन्सोलसाठी आम्ही सोबत ओबीएस हा स्क्रीन रेकॉर्डर लावतो, एमकेव्ही फॉरमॅटमध्ये, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं.

दिवाळीनंतरच्या ड्रिलला अप्रूव्हल देणाऱ्या साहेबांना सुरुवातीपासूनच कॉलवर घेतलं. अकराची दोन मिनिटं झाली, आणि सकाळी तर्री-पोहे खायला साहेबही सोबत आले.