टेक्सासहून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवताना बंदूक कशी न्यावी: गाडीतून, डीलरकडून, मूव्हरच्या ट्रकमधून की विमानाने?

नोकरी बदलली म्हणून डॅलसकडून एडिसनला बिऱ्हाड हलवणारी मराठी कुटुंबं आता नवीन राहिलेली नाहीत. त्यातल्या काहींच्या घरात ग्रीन कार्ड मिळाल्यावर घेतलेलं एखादं पिस्तूल असतं किंवा रेंजवर नेमबाजीसाठी घेतलेली रायफल असते. टेक्सासमध्ये कुणाला त्याचं काही वाटत नाही. न्यू जर्सीत मात्र तीच बंदूक त्याच मालकाला तुरुंगात नेऊ शकते. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, असं खरोखर घडलेलं आहे. कोलोरॅडोहून न्यू जर्सीत राहायला आलेल्या एका तरुणाच्या गाडीच्या डिकीत २००९ मध्ये रिकाम्या बंदुका सापडल्या. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी ती कमी केली म्हणून तो सुटला. पुढे अपिलात बंदुका बाळगल्याची शिक्षा रद्द झाली, पण होलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेल्या) गोळ्यांबद्दलची कायम राहिली. तेव्हा घर हलवताना बंदुकीचं काय करायचं, हे सोफा आणि फ्रिजच्या आधी ठरवा.

सगळ्यात आधी व्हिसा बघा

पर्यायांची तुलना करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण आपल्या लोकांची गाडी नेमकी इथेच अडते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या (नॉन-इमिग्रंट) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. अपवाद मोजकेच आहेत. कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही. हा नियम मोडला तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं ते वेगळंच.

घरात एकाचं ग्रीन कार्ड आलं आहे आणि दुसऱ्याचं यायचं आहे, ही आपल्याकडे अगदी नेहमीची स्थिती. लांबच्या प्रवासात नवरा-बायको आळीपाळीने गाडी चालवतात. नवरा मागे झोपला आहे, एच-फोरवर असलेली बायको गाडी चालवते आहे आणि पेटीची किल्ली त्याच किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते आहे, असं होऊ देऊ नका. किल्ली परवानगी असलेल्याच्याच खिशात हवी, आणि एच-फोरवरच्या माणसाने त्या गाडीत बंदुकीसह एकट्याने कुठेही जायचं नाही, अगदी दुधाची पिशवी आणायलासुद्धा नाही. दोन गाड्या असतील तर बंदूक कुठल्या गाडीत जाणार, हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

स्वतःच्या गाडीतून

हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि बंदूक शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात राहते. यामागचा आधार म्हणजे १९८६ चा केंद्रीय कायदा, फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट, ज्याला लोक 'फोपा' म्हणतात. त्याच्या ९२६-ए कलमाचा सारांश असा: जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचणार तिथे बंदूक बाळगणं आणि जवळ नेणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांचा कायदा काहीही असो, तुम्ही ती नेऊ शकता. अट अशी की बंदुकीत गोळी नसावी, आणि बंदूक किंवा गोळ्या यांपैकी काहीही बसण्याच्या जागेवरून सहज हाताला लागू नये. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत दोन्ही कुलूपबंद पेटीत हवं. ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल यांना कुलूप असलं तरी ते चालत नाही.

वेगळ्या डिकीची ही अट आपल्यासाठी महत्त्वाची, कारण आपल्यापैकी निम्म्यांकडे सिएना किंवा ओडिसी असते. मिनीव्हॅनला कायद्याला अपेक्षित अशी वेगळी डिकी नसते. म्हणून पॅकिंग असं करा: मॅगझिन (गोळ्या भरायचा खण) बाहेर काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची गोळीची जागा) डोळ्याने आणि करंगळीने तपासायचं, केबल लॉक घालायचं, कडक पेटीत ठेवून पेटीला भक्कम कुलूप लावायचं. गोळ्या दुसऱ्या कुलूपबंद डब्यात. दोन्ही पेट्या तिसऱ्या रांगेच्या मागे सगळ्यात तळाशी, आणि त्यांच्यावर बॅगा, पिशव्या, कुकरचं खोकं. रात्री हॉटेलवर उतरताना नेमकं तेच उपसावं लागेल, ही तक्रार मला मान्य आहे, पण सहज हाताला न लागणं हीच तर अट आहे.

आता न्यू जर्सीची अडचण बघा. फोपा मधल्या राज्यांसाठी ढाल आहे, शेवटच्या राज्यासाठी नाही. न्यू जर्सीत शिरलात की तिथलाच कायदा. सुदैवाने त्या कायद्यात एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जाताना बंदूक नेण्याची सवलत आहे. बंदूक रिकामी, बंद आणि बांधलेल्या पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत, आणि वाटेत थांबायचं ते गरजेपुरतंच. वर सांगितलेल्या तरुणाचा खटला याच सवलतीवर उलटला: ती ज्युरीला समजावूनच सांगितली गेली नव्हती, असं अपिलात ठरलं. म्हणून 'मी राहायला आलो आहे' हे दाखवणारे कागद गाडीत हाताशी ठेवा. नव्या घराचा भाडेकरार किंवा खरेदीचे कागद, नोकरीचं पत्र, मूव्हरचं बिल, बंदुकीची खरेदीची पावती. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायला कुणाचीच हरकत नाही.

काही वस्तू मात्र गाडीत चढवूच नका. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांवर आणली आहे, आणि टेक्सासमध्ये पिस्तुलासोबत सहज १५ किंवा १७ गोळ्यांचं मॅगझिन मिळतं. शिवाय ९२६-ए कलमात बंदूक आणि गोळ्या यांचाच उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही. त्यामुळे मधल्या राज्यातही त्याच्या भरवशावर राहू नका. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली १९९० पासून तिथल्या असॉल्ट फायरआर्म कायद्याच्या कचाट्यात आहेत. या दोन्ही मुद्द्यांवर कोर्टात झगडे चालू आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात न्यू जर्सी स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावरची स्थिती वाचून घ्या. होलो पॉइंट गोळ्या टेक्सासमध्येच संपवा किंवा तिथेच कुणाला देऊन टाका.

रस्त्याची निवडही विचारपूर्वक करा. डॅलसहून इंटरस्टेट ३० ने लिटल रॉक, पुढे ४० ने नॅशव्हिल आणि नॉक्सव्हिल, मग ८१ ने व्हर्जिनिया चढून पेनसिल्व्हेनिया, आणि शेवटी ७८ ने ॲलनटाउनवरून न्यू जर्सी. या रस्त्यावर मेरीलँड लागतं ते हॅगर्सटाउनपाशी, जेमतेम १२ मैल. फोनवरचा नकाशा अधूनमधून वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडून इंटरस्टेट ९५ सुचवेल, तो नाकारा. तो रस्ता धरला तर कडक कायद्यांचे प्रदेश एकामागून एक लागतात. आणि 'जाता जाता वॉशिंग्टन बघून घेऊ' हा मोह तर टाळाच. डीसीमध्ये बंदुकीची नोंदणी लागते. दोन दिवस हॉटेलात राहून म्युझियम बघणाऱ्याला 'मी फक्त इथून जातो आहे' असं म्हणणं जड जाईल. मुक्काम आर्कान्सा किंवा टेनेसीत करा. न्यू जर्सीत शिरण्याआधी पेनसिल्व्हेनियातच टाकी भरा, जेवण उरका आणि मग सरळ नव्या घरी. न्यूयॉर्कमधल्या मावशीकडे दोन रात्री राहायचं असेल तर आधी घरी जाऊन बंदूक ठेवा, मग मावशीकडे जा.

डीलर ते डीलर

दुसरा मार्ग परवानाधारक विक्रेत्यामार्फत जातो. टेक्सासमधला डीलर बंदूक न्यू जर्सीतल्या डीलरकडे पाठवतो आणि तुम्ही तिथे जाऊन घेता. यूपीएस आणि फेडेक्स सामान्य ग्राहकाकडून बंदूक स्वीकारत नाहीत, परवानाधारकाकडूनच घेतात, त्यामुळे स्वतः पार्सल करण्याचा विचार सोडून द्या.

या मार्गाचं मोठं बळ म्हणजे निर्धास्त प्रवास. गाडीत बंदूकच नाही, मग वॉशिंग्टन बघा, मावशीकडे आठवडाभर राहा, बायकोला गाडी चालवू द्या. मिश्र व्हिसाच्या घरासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

पण वेळ लागतो, आणि लोक सगळ्यात जास्त कमी लेखतात ते याला. न्यू जर्सीतला डीलर बंदूक तुमच्या हातात देताना ती नव्या खरेदीसारखीच धरतो. रायफल किंवा शॉटगनसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड (बंदूक खरेदीदाराचं ओळखकार्ड) हवं, पिस्तुलासाठी प्रत्येकी वेगळं परमिट. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, ओळख देणारी दोन माणसं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण. कायद्यात रहिवाशाच्या अर्जाला ३० दिवस आहेत, प्रत्यक्षात अनेक गावांत जास्त लागतात. त्यात हँडगन ३० दिवसांत एकच घेता येते, म्हणजे दोन पिस्तुलं असतील तर दुसरं पुढच्या महिन्यात. दोन्ही टोकांच्या डीलरची फी वेगवेगळी आणि तोवर बंदूक त्यांच्या तिजोरीत, काही जण त्याचंही भाडं लावतात. पाठवण्याआधी न्यू जर्सीतल्या डीलरला फोन करून किती दिवस ठेवाल ते विचाराच.

मूव्हरच्या ट्रकमधून

घर हलवताना बंदूक सामानासोबत पाठवायला केंद्रीय कायदा मनाई करत नाही, मात्र त्यात बंदूक आहे हे मूव्हरला सांगावं लागतं. न सांगता कपाटात दडवून पाठवणं हे नसतं दुखणं ओढवून घेणं आहे. काही कंपन्या सिरियल नंबर लिहून घेतात, काही सरळ नाही म्हणतात. गोळ्या तर बहुतेक कुणीच घेत नाही. अनेकांचं सामान एकाच ट्रकमध्ये जाणार असेल तर ते वाटेत कुठल्या राज्यातल्या गोदामात किती दिवस पडून राहील, ते तुमच्या हातात नसतं. मला हा पर्याय पटत नाही.

विमानाने

डॅलस ते न्यूअर्क थेट विमान असेल आणि बंदूक एकच असेल, तर हा मार्ग वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. बंदूक रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन काउंटरवर जाहीर करून, आणि फक्त कार्गोत जाणाऱ्या सामानात. किल्ली स्वतःजवळ. गोळ्या योग्य खोक्यात, बहुतेक कंपन्यांकडे ११ पौंडांपर्यंत.

इथे धोका विमान चुकण्याचा असतो. २००५ मध्ये यूटाहचा एक प्रवासी ॲलनटाउनला निघाला होता. न्यूअर्कला त्याचं पुढचं विमान हुकलं, बॅग त्याच्या हातात आली आणि ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर पिस्तूल जाहीर केलं तर अटक झाली. २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून ९२६-ए ची ढाल लागू नाही. चूक विमान कंपनीच्या वेळापत्रकाची आणि भोगलं त्याने, हे वाचून आजही वाईट वाटतं. पण त्याच निकालात एक वाटही सांगितली आहे: अडकलेल्या प्रवाशाने बॅग ताब्यात घेण्याआधीच विमानतळाच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जावं. तुमचं विमान वळवलं गेलं आणि न्यूयॉर्कला कुणी म्हणालं 'बॅग घेऊन जा', तर घेऊ नका.

मी काय निवडेन

दोघांचंही ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व, एक-दोन साधी पिस्तुलं किंवा शिकारीची रायफल, आणि न रेंगाळता जायची तयारी असेल तर गाडी. व्हिसा मिश्र असेल किंवा वाटेत फिरायचं असेल तर डीलर. मोठी मॅगझिनं आणि एआर-१५ टेक्सासमध्येच विकून या, त्याला दुसरा चांगला उपाय नाही. जिव्हाळ्याची, सोडवत नाही अशी एखादी बंदूक असेल आणि तुमच्या कागदांबद्दल जराही शंका असेल, तर न्यू जर्सीत बंदुकीच्या केसेस लढवणाऱ्या वकिलाची एका तासाची फी भरा. शिक्षेच्या मानाने ती फारच थोडी आहे.

पोचल्यावर काम संपत नाही. २०२२ पासून बाहेरून न्यू जर्सीत राहायला आलेल्यांना ६० दिवसांत वर सांगितलेलं खरेदीदाराचं ओळखकार्ड काढायचं असतं आणि बाहेरून आणलेल्या हँडगनची नोंद करायची असते. खोकी उघडायच्या गडबडीत दोन महिने कसे जातात कळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात गावच्या पोलीस खात्याला फोन करा. कॅलिफोर्नियात आणि इलिनॉयमध्ये राहायला जाणाऱ्यांनाही मुदत ६० दिवसांचीच, कागद मात्र वेगळे.

उलट दिशेने, एडिसनहून डॅलसला जाणाऱ्यांना यातलं फारसं लागत नाही. टेक्सासमध्ये नोंदणी नाही, परमिट नाही. बंदूक न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे बांधा, पेनसिल्व्हेनियात शिरेपर्यंत विनाकारण थांबू नका, आणि १५ गोळ्यांचं मॅगझिन हवं असेल तर ते टेक्सासमध्ये पोचल्यावरच घ्या.