ॲटकोडर कसं आहे, आणि गोळे खायच्या त्या प्रॉब्लेमने मला काय शिकवलं

कोडिंगचा सराव कुठे करू असं ज्युनिअर मुलं सारखं विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी ॲटकोडर वापरतो. जपानी साईट आहे, पैसे लागत नाहीत, प्रॉब्लेम जपानी आणि इंग्रजी दोन्हीत असतात. त्यांची बिगिनर कॉन्टेस्ट बहुतेक शनिवारी, कधी रविवारी, त्यांच्या रात्री ९ ला असते म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच, चहा घेऊन बसायचं आणि १०० मिनिटांत मोकळं. चुकीचं सबमिशन झालं आणि तो प्रॉब्लेम नंतर सुटला तर ५ मिनिटं दंड. रेटिंगचे रंग वगैरे आहेत पण त्याच्या मागे लागू नका एवढंच सांगेन.

मला ही साईट का आवडते ते एका प्रॉब्लेमवरून सांगतो. डिसेंबर २०२२ मधली २८२ वी बिगिनर कॉन्टेस्ट, त्यातला ई, म्हणजे ए-बी-सी अशा क्रमाने पाचवा प्रॉब्लेम. एका पेटीत गोळे आहेत, प्रत्येकावर एक आकडा. कुठलेही दोन काढायचे, पहिल्याचा दुसऱ्याएवढा घात आणि दुसऱ्याचा पहिल्याएवढा घात यांची बेरीज करायची, तिला एम या दिलेल्या आकड्याने भागून जी बाकी उरेल तेवढे पॉइंट मिळाले. मग दोघांतला एक खायचा, दुसरा परत पेटीत. एकच गोळा उरेपर्यंत हे चालू. जास्तीत जास्त किती पॉइंट? बास, एवढंच. पाच-सात ओळींचा प्रॉब्लेम, उगाच लांबलचक गोष्ट नाही.

आता कागद घ्या. आकडे ३, ४, ५, ७ आणि एम १०, म्हणजे बाकी म्हणजे नुसता एकक स्थानचा अंक. ४ चा ५ वा घात १०२४, ५ चा ४ था ६२५, बेरीज १६४९, पॉइंट ९. तसंच ३ आणि ५ चे ८, ४ आणि ७ चे ५, ३ आणि ४ चे ५, ५ आणि ७ चे २, आणि ३-७ चा भोपळा. कुणीही आधी ९ वरच झडप घालणार, मीपण घातली. पण ४-५ आधी घेतले की ४ खा नाहीतर ५ खा, पुढे कितीही डोकं लावा, शेवटी १९ च होतात. त्याऐवजी आधी ३-५ घेऊन ३ खाल्ला, मग ४-५ घेऊन ५ खाल्ला, मग ४-७, की ८ अधिक ९ अधिक ५, २२!

यातली खरी गंमत अशी की कुठला गोळा कधी खायचा हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. ज्या दोघांची जोडी घेतली त्यांच्यात एक दोरा बांधा. एन गोळ्यांना एन वजा एक दोरे होतात, आणि खाल्लेला गोळा परत येत नाही म्हणून गोल कधीच तयार होत नाही, म्हणजे सगळ्यांना जोडणारं, गोल नसलेलं जाळं, ज्याला कोडिंगमध्ये झाड (ट्री) म्हणतात, ते झालं. उलट कुठलंही झाड दिलं तर टोकाची पानं, म्हणजे एकच दोरा असलेले गोळे, एकेक खात गेलं की ते बरोबर जमतं. म्हणजे हा सरळ मॅक्सिमम स्पॅनिंग ट्री, सगळ्या गोळ्यांना जोडणारं सगळ्यात जास्त बेरजेचं झाड!! मी एका क्लासला पैसे भरून हे शिकलो होतो, पण तिथे कायम गावं आणि रस्ते, नाहीतर केबल, त्यामुळे गोळ्यांच्या पेटीत झाड दडलेलं असेल हे डोक्यातच आलं नाही. एडिटोरियल (साईटवरच दिलेलं उत्तराचं स्पष्टीकरण) वाचून पंधरा मिनिटं नुसता बसून होतो, इतका आनंद झाला होता.

करायला सोपं आहे. गोळे जास्तीत जास्त ५००, जोड्या १,२४,७५०, घात मोठे असले तरी वर्ग करत करत प्रत्येक पायरीला बाकी घ्यायची म्हणजे एका घाताला तीसेक पायऱ्या. पायथनच्या पॉव फंक्शनला तिसरा आकडा एम द्या, झालं. सी प्लस प्लस वाल्यांनी लाँग लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) घ्या, एम १०० कोटींपर्यंत जातो आणि गुणाकार इंट या नेहमीच्या प्रकारात मावत नाही. आणि बाकी फक्त प्रत्येक जोडीची घ्यायची हां, शेवटच्या एकूण बेरजेची नाही, इथे बरेच जण चुकतात.

साईट कुणासाठी नाही तेही सांगतो. लूप, ॲरे यातच अडखळत असाल तर आधी एखादी भाषा नीट शिकून या, इथे कुणी हात धरून शिकवत नाही, ए आणि बी सोडून पुढचं एडिटोरियल जड जाईल. बाकी कॉन्टेस्ट संपल्यावरही जुने सगळे प्रॉब्लेम उघडे असतात, कधीही सबमिट करा, दुसऱ्यांचे कोड वाचा. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. गोळ्यांचा प्रॉब्लेम करणार असाल तर आधी वरचे चार आकडे स्वतः मांडून २२ येतात का बघा, मगच कोडला हात लावा.