कॅनवर बसणारा स्टोव्ह की नळीचा?

लडाखला किंवा डिसेंबरात केदारकंठाला जाऊन स्वतःचं स्वतः रांधायचा बेत असेल, तर दुकानात दोन स्टोव्ह समोर येतात. एक गॅसच्या कॅनच्या डोक्यावर फिरवून बसवायचा चिमुकला बर्नर. दुसरा जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, नळीने कॅनला जोडलेला. माझ्याकडे दोन्ही आहेत. राजगडावर मुक्काम असला की मी पहिलाच नेतो, तिथे दुसऱ्याचं काही कामच नाही.

वर डोंगरात गॅसचा स्टोव्ह मंदावला की बरेच जण दोष उंचीला देतात. खरं तर वर हवेचा दाब कमी असल्यामुळे गॅसची वाफ व्हायला थोडी मदतच होते. घात करते ती थंडी. समुद्रसपाटीला साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफ व्हायचं नाकारतो, आयसोब्यूटेन साधारण उणे 12 ला, प्रोपेन मात्र थेट उणे 42 ला. कॅनमध्ये यांचं मिश्रण असतं आणि वाफ ओढली की प्रोपेन आधी संपतो. त्यात जळताना कॅन स्वतःच आणखी गार पडत जातो. म्हणून नवा कॅन झोकात चालतो आणि अर्धा झाला की कुरकुरायला लागतो.

माझा निकाल लागला लडाखमधल्या मर्खा व्हॅलीत, निमालिंगच्या तळावर. सप्टेंबरअखेरची पहाट होती, तंबूच्या आतून दव गोठलेलं आणि आम्हाला लवकर ‘कोंगमारू ला’ ही खिंड चढायची होती. कॅनवरच्या बर्नरची ज्योत पाच मिनिटांत पणतीएवढी झाली. मग सुरू झाला तो सोहळा. पातेलं उतरवा, हातमोजे काढा, बर्नर सोडवा, तो बर्फासारखा पत्र्याचा कॅन जॅकेटच्या आत धरून बसा, पुन्हा बसवा. कोमट पाण्याच्या ताटलीत कॅन ठेवायची युक्ती चांगली आहे, पण ते पाणी कोमट करायलाही स्टोव्हच लागतो ना! रात्री कॅन स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपलो होतो, तरी ही गत. तीनदा हातमोजे काढल्यावर बोटं इतकी बधिर झाली की चौथ्यांदा आटे नीट बसेनात, गॅस फुसफुसत बाहेर यायला लागला, आणि आम्ही चहाचा नाद सोडून सुका मेवा चघळत निघालो.

नळीच्या स्टोव्हचा फायदा एकाच गोष्टीत आहे: कॅन उलटा करता येतो. मग वाफेऐवजी द्रवच नळीतून येतो आणि ज्योतीजवळून गेलेल्या धातूच्या नळीत त्याची वाफ होते. प्रोपेन आधी उडून जात नाही, त्यामुळे शेवटच्या चहापर्यंत ज्योत जवळजवळ तशीच. शिवाय वाऱ्याला चहूबाजूंनी आडोसा करता येतो. कॅनवरच्या बर्नरला असा आडोसा करू नका, कॅन तापून फुटू शकतो.

तोटे आहेतच. वजन शंभरेक ग्रॅमने जास्त, किंमतही जास्त. उलट्या कॅनवर नॉब फिरवला की ज्योत जरा उशिराने ऐकते, पहिल्यांदा पिठलं लागलं ते त्यामुळेच. सुरुवात कॅन सरळ ठेवूनच करायची, मिनिटभर बर्नर तापू द्यायचा, मग हळूच उलटा करायचा. घाई केली तर भडका उडतो, त्यामुळे हे सगळं तंबूबाहेर. आणि नळी दिसली म्हणजे कॅन उलटा चालतोच असं नाही. ज्योतीजवळून जाणारी ती धातूची नळी आहे का, हे दुकानात बघून घ्या.

गॅसचे कॅन विमानात नेता येत नाहीत, म्हणजे लेहच्या बाजारात मिळेल तो घ्यायचा. फक्त ‘ब्यूटेन’ लिहिलेला कॅन असेल तर कडाक्याच्या थंडीत नळीचा स्टोव्हही हात टेकतो, तेव्हा प्रोपेनचं नाव शोधा.

उन्हाळ्यात जाणार असाल, पारा शून्याखाली जाणार नसेल आणि पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम मोजत असाल, तर छोटा घ्या, मी अडवणार नाही. दोन वर्षांनी मी निमालिंगला पुन्हा गेलो तो मात्र नळीचा स्टोव्ह घेऊन. पहाटे दोन वेळा चहा झाला. हातमोजे एकदाच काढले, तेही आलं किसायला.