लाकडी आइस्क्रीम पॉट आणि अळगुळीमणी : पाडव्यापासून श्रावणापर्यंतचा अनुभव

पाडव्याच्या आधी बेळगावच्या बाजारातून हाताने फिरवायचा दोन लिटरचा आइस्क्रीम पॉट घेतला: लाकडी बादली, तिच्यात दुधाचा डबा, भोवती मीठ-बर्फ. सोबत अळगुळीमणीचा, म्हणजे खळग्यांत चिंचोके पेरत खेळायच्या खेळाचा, पट घेतला तो केवळ स्वस्त दिसला म्हणून.

पहिलाच दिवस फसला. बर्फ भरला आणि पंधरा मिनिटांत अंगणभर खारं पाणी. दुकानात पडून बादली वाळते, फळ्यांना फटी पडतात. रात्रभर पाणी भरून ठेवलं की फळ्या फुगतात आणि गळती थांबते. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. सांगितलं शेजारच्या अज्जींनी, तेही पोटभर हसून झाल्यावर.

फ्रिजमधल्या बर्फाने भागत नाही. मासळीवाले नेतात तिथूनच मी पाव लादी आणतो, तरटात गुंडाळून बत्त्याने फोडतो. तीन-चार वाट्या बर्फाला वाटीभर खडेमीठ. बारीक मीठ झटकन विरघळून तळाशी जातं. दुधात साखर असते, त्यामुळे ते शून्य अंशावर गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ वितळता वितळता आणखी गार होत जातो. प्रमाण नेमकं जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत. आमच्या अंगणात तेवढं कधी होत नसावं, पण आइस्क्रीम होतं.

बादलीच्या अंगाला एक भोक आहे, त्यावर डोळा ठेवा. त्यात बर्फाचा खडा अडकला की पाणी डब्याच्या झाकणावर चढतं. मे महिन्यात पाहुण्यांसमोर धारवाडी आंब्याचा अख्खा डबा खारट झाला. दातेरी चाकंही मिठाने गंजतात. कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लावतो, तरी एक चाक कुरकुरतंच.

चव? बाजारच्यापेक्षा जरा खरखरीत, पण दाट. आणि वळीव झोडपून गेला, लाइट गेली, तरी याचं काही अडत नाही.

फिरवायला अर्धा तास लागतो. पहिली दहा मिनिटं दांड्यासाठी भांडणं, शेवटची दहा "पप्पा, तुम्ही फिरवा". मधल्या वेळात पट बाहेर निघाला. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, चिंचोके एकेक करत पेरत जायचे. अज्जी "ओंदू, येरडू, मूरू" म्हणत पेरतात. कन्नडच्या पेपराला रडणारा आमचा धाकटा आता त्यांच्या आधी मोजतो, आणि लबाडीही कन्नडमध्येच करतो. पटाला मात्र मी कमी गुण देईन: खळगे उथळ, चिंचोका उडून जातो, मधली बिजागरी दीड महिन्यात सैल झाली. मिळाला तर अखंड लाकडाचाच घ्या.

सुट्टीत कित्तूरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात गेलो होतो. राणी चन्नम्मा, १८२४ची लढाई, तलवारी. अर्ध्या तासात मुलांचे पाय दुखायला लागले. हंपीला मात्र हीच मुलं दगडी फरशीत कोरलेल्या पटापाशी बसली ती उठेनात. संग्रहालयांनी बाहेरच्या कट्ट्यावर असा एखादा पट आणि मूठभर चिंचोके ठेवले तर खर्च तो कितीसा येणार!

पॉट आता माळ्यावर आहे. पट अजून सोप्यातच. चिंचोके ७० होते, आता ६४ उरलेत. बाकीच्यांच्या जागी शर्टाची बटणं. अज्जींना ती चालत नाहीत.