महिना १८ युरो ३६ सेंट वसूल होतात का? 'एक्स्ट्रा ३' या जर्मन टीव्ही शोचा रिव्ह्यू, मुख्यतः एका गाण्यासाठी

जर्मनीत नवीन आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो, हे रुंडफुंकबायट्राग (सरकारी नियमाने भरायची टीव्ही-रेडिओची फी) काय प्रकरण आहे आणि माझ्या घरात टीव्हीच नाहीये तर मी पैसे का भरू. भरावे लागतात हो. घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो नसो, बातम्या बघा नाहीतर नका बघू, २०१३ पासून नियमच तसा आहे आणि आन्मेल्डुंग (पालिकेत पत्त्याची नोंदणी) केलं की पत्ता फीवाल्यांकडे आपोआप पोचतो. (फ्लॅट शेअर करत असाल तर सगळ्यांत मिळून एकच, हे लक्षात ठेवा, बरेच जण उगाच डबल भरतात.) तर पैसे जातायतच म्हटल्यावर माल तरी बघून घ्यावा. एआरडी आणि झेडडीएफ ही फीवर चालणारी टीव्ही चॅनलं, रेडिओ असं बरंच काही येतं त्यात, क्राइम सिरियल तर इतक्या की पोलीस कमी पडावेत, पण मी इथे फक्त एका शोबद्दल लिहितोय.

'एक्स्ट्रा ३' म्हणजे एआरडीतल्याच हॅम्बुर्गच्या एनडीआर या चॅनलचा राजकीय टिंगलटवाळीचा कार्यक्रम, १९७६ पासून चालूये, २०११ पासून क्रिस्टियान एरिंग होस्ट आहे. साधारण साचा असा की एरिंग उभा राहून आठवड्याच्या बातम्यांवर बोलतो, मग फिल्म, मग स्टुडिओत कोणीतरी येऊन रिपोर्टर असल्याचं नाटक करतं. एरिंगचं बोलणं ठीकठाक, कधी हसू येतं कधी नुसतं 'हं' होतं. 'रेआलर इर्झिन' (म्हणजे खराखुरा वेडेपणा) नावाचा सेगमेंट मात्र चुकवू नका, त्यात पालिकांचे आणि सरकारी खात्यांचे खरेखुरे घडलेले अफाट कारभार दाखवतात, ते बघून आपल्या महापालिकेबद्दल चक्क माया वाटायला लागते.

पण शोची खरी जान म्हणजे चालीवरची गाणी. आपल्याला हे नवीन नाही, आपल्याकडे गॅदरिंगमध्ये सिनेमाच्या चालीवर सरांची खेचतात आणि गणपतीत त्याच चालीवर आरत्या पण होतात. पण इथे एका गाण्यापायी चक्क राजदूताला बोलावणं धाडलं गेलं.

१७ मार्च २०१६. आधीच्या वर्षी सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून लाखो निर्वासित जर्मनीत आलेले, तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्केलबाईंवर घरातूनच दबाव, आणि युरोपचा सगळा जीव तुर्कस्तानात अडकलेला कारण लोक तिथूनच होड्यांत बसून ग्रीसच्या बेटांवर येत होते. दुसऱ्याच दिवशी, १८ मार्चला, युरोपियन युनियन आणि तुर्कस्तानचा करार झाला, बेटांवर आलेल्यांना परत घ्या, बदल्यात टप्प्याटप्प्याने सहा अब्ज युरोपर्यंत मदत आणि व्हिसात सवलतीचं गाजर. म्हणजे तुर्कस्तानचा राष्ट्राध्यक्ष, ज्या एर्दोगानशी गोड बोलायची सगळ्या युरोपला गरज होती त्याच्यावर, बरोबर त्याच आठवड्यात, सरकारमान्य फीवर चालणाऱ्या चॅनलने गाणं लावलं. टायमिंगला पैकीच्या पैकी.

चाल नेना या जर्मन गायिकेच्या १९८४ च्या 'इर्गेंडवी, इर्गेंडवो, इर्गेंडवान'ची (कसंतरी, कुठेतरी, कधीतरी), त्यातल्या शेवटच्या 'इर्गेंडवान'च्या जागी एर्दोगान इतका फिट्ट बसतो की गाणं आधी सुचलं की नाव असा प्रश्न पडतो. दोन मिनिटं पण नाहीये पूर्ण. आवाज साधा, म्युझिक कराओकेसारखं, आणि मागे बातम्यांच्या क्लिप, त्यामुळे गाण्यात जे म्हणतात ते तिथल्या तिथे दिसतं. त्याचा अवाढव्य राजवाडा, मनाविरुद्ध लिहिणारा पत्रकार दुसऱ्या दिवशी गजाआड, इस्तंबूलमध्ये महिला दिनाच्या मोर्चावर पोलिसांचा मार, आयसिसपेक्षा कुर्दांवर जास्त बॉम्ब. आणि यातलं काही हवेतलं नव्हतं, त्याच महिन्याच्या सुरुवातीला 'झमान' हे तिथलं मोठं पेपर सरकारने ताब्यात घेतलं होतं आणि जान दुंदार आणि एर्देम ग्युल या पत्रकारांवरचा खटला उभा राहणार होता.

मला सगळ्यात आवडलेला भाग शेवटाकडे येतो, जिथे गाण्याची तोफ मेर्केलकडे वळते. पैसे दे, तो तंबू बांधेल, गोड वाग त्याच्याशी, तुझी मान त्याच्या हातात आहे, अशा अर्थाच्या ओळी आहेत. नुसतं परक्या देशाच्या नेत्याला हसायला काय लागतं, ते कुठेही जमतं, व्हॉट्सअॅपवर तर रोजच. पण आपल्याच सरकारची लाचारी त्याच गाण्यात, त्याच चालीवर घातली म्हणून ते आज इतक्या वर्षांनी ऐकायला पण शिळं वाटत नाही. याच्या अगदी उलट ज्या गाण्यांत फक्त परक्याला शिव्या असतात ती पेपरसोबत रद्दीत जातात, हे माझं मत.

आता आफ्टर सेल्स सर्व्हिस, कारण फीचा हिशोब खरा इथे आहे. आठवडा व्हायच्या आत तुर्कस्तानने जर्मन राजदूत मार्टिन एर्डमान यांना बोलावून घेतलं आणि व्हिडिओ काढून टाका म्हणून मागणी केली. दोन मिनिटांच्या गाण्यासाठी! मग शोने काय करावं, तर व्हिडिओ जागेवर ठेवला, वर त्याला तुर्की आणि इंग्लिश सबटायटल लावली आणि एर्दोगानला 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' जाहीर केलं, कारण फुकटची जाहिरात त्यानेच करून दिली होती. जर्मनीत पण ज्यांनी तो एपिसोड पाहिला नव्हता त्यांनी बोलावण्याची बातमी आल्यावर शोधून पाहिला, व्ह्यूज लाखोंच्या घरात गेले.

हे इतकं सरळ दर वेळी होत नाही. १९८७ मध्ये याच एआरडीवर रुडी कारेल नावाच्या होस्टने इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांच्यावर जेमतेम पंधरा सेकंदांचा गमतीचा तुकडा दाखवला, बायका त्यांच्या पायाशी अंतर्वस्त्रं फेकतायत असा, तर इराणने जर्मनीचे दोन अधिकारी परत पाठवले, तेहरानमधली ग्योटे इन्स्टिट्यूट (जर्मन भाषा-संस्कृतीची संस्था) बंद केली (हो तीच, जिची पुण्यातली शाखा मॅक्स म्युलर भवन), आणि कारेलला माफी मागावी लागली. आणि एर्दोगानच्या गाण्यानंतर दोनच आठवड्यांनी झेडडीएफवरच्या यान ब्योमरमान या विनोदी होस्टने या गाण्याच्या वादाचाच धागा पकडून एर्दोगानवर मुद्दाम गलिच्छ कविता वाचली, तेव्हा झेडडीएफने ती स्वतःच काढून टाकली. मग परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान केल्याचं जुनं कलम १०३ बाहेर आलं, त्याला सरकारची परवानगी लागते, ती मेर्केलने १५ एप्रिलला दिली, त्यावर गदारोळ, ऑक्टोबरमध्ये केस बंद झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून ते कलमच रद्द. ती कविता मला गाण्याच्या जवळपासही वाटत नाही, नुसती घाण आहे (मुद्दामच केलेली, मान्य), पण एक जुनाट कलम तिच्यापायी गेलं एवढं क्रेडिट द्यायला हवं.

म्हणून मी म्हणतो की त्या महिन्याचे पैसे (तेव्हा १७.५० होते) माझ्या हिशोबाने पूर्ण वसूल. विनोद कुठेही फुकट मिळतो, पण वरून फोन आल्यावर व्हिडिओ न काढणारं चॅनल फुकट मिळत नाही, त्याला वकील लागतात, पगारी संपादक लागतात.

तक्रारी पण आहेत. सगळी गाणी अशी जमत नाहीत. बरीचशी जर्मन निवडणुकीतल्या लोकल पुढाऱ्यांवर असतात, ती बाहेरच्याला डोक्यावरून जातात, आणि चाल एखाद्या जुन्या श्लागरची (जर्मन लोकप्रिय गाण्याची) असेल आणि मूळ गाणं ऐकलेलं नसेल तर अर्धी मजा तिथेच गेली. नेना निदान फुग्यांच्या गाण्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना जर्मनच्या क्लासपासून माहीत असते. आणि एरिंगला स्वतःच्या जोकवर जरा जास्त वेळ थांबायची सवय आहे.

माझं रेटिंग: गाणं ५ पैकी ५, पूर्ण शो साडेतीन. जर्मन बी१ (मधल्या पातळीची) असेल तर जड जाईल, त्यावरच्या बी२ ला बऱ्यापैकी पोचते, मीडियाटेकवर (चॅनलच्या ऑनलाइन साठ्यावर) जर्मन सबटायटल चालू करा आणि गाण्याआधी मूळ गाणं एकदा ऐकून घ्या. भारतातून बघणाऱ्यांना यूट्यूबवर सगळं फुकट आहे, त्यांचे पैसे आम्ही भरतोच आहोत.